पेशव्यांची वंशावळ त्रिमितीत कशी मांडाल

शनिवारवाड्यावर पाहुणे नेले की प्रश्न ठरलेला: राघोबादादा नारायणरावांचे कोण? काका, हे उत्तर सांगून विसरलं जातं, पाहिलं की राहतं. म्हणून मी ही वंशावळ ब्राउझरमध्ये थ्री.जेएस या त्रिमितीय चित्रं काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने बांधतो. रचना १९९१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी मांडलेल्या शंकुवृक्षाची: वडील टोकावर, मुलं खालच्या वर्तुळावर.

आधी साधा तक्ता करा, नाव आणि वडील. खरी काळजी इथेच घ्यायची. बाजीराव दोन, चिमाजी अप्पाही दोन, तेव्हा प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्याच. अमृतराव राघोबांचे दत्तक पुत्र, त्यांची रेघ तुटक. मस्तानीचे समशेर बहादूर मात्र पहिल्या बाजीरावांच्या इतर मुलांच्याच वर्तुळावर हवेत. त्यांना कडेला ढकललेलं मला अजिबात पटत नाही.

उंची पिढीवरून ठरते. त्रिज्या खालून वर मोजत या: मुलांच्या वर्तुळांचे व्यास मिळवून दोन पायने (२π) भागा. मुलं दोन-तीनच असली तर ही त्रिज्या अपुरी पडते, वाढवा. सवाई माधवरावांसारखा एकुलता एक असेल तर सरळ वडिलांच्या खाली.

नावं स्प्राइटवर, म्हणजे सपाट चित्रपट्टीवर, लिहा, म्हणजे ती कायम वाचणाऱ्याकडे तोंड करून राहतात. क्लिक कुणावर झाली ते रेकास्टरने (क्लिकच्या जागेतून किरण सोडून तो कशाला लागतो हे सांगणारं थ्री.जेएसचं साधन) ओळखा आणि निवडलेली व्यक्ती समोर येईपर्यंत वर्तुळ साधारण सेकंदभर फिरू द्या. झटकन उडी मारली तर कोण कुठे गेलं हे नजरेला कळत नाही. मागची नावं पुसट करा, विशेषतः फोनसाठी.