लघवी सुटण्याचा त्रास आणि शरीरसंबंध: नर्स मैत्रिणींनो, या चुका टाळा

लघवी सुटण्याचा त्रास असलेल्या बाईचे कागद उघडून बघा. पॅड किती लागतात, रात्री किती वेळा उठते, सगळं लिहिलेलं असतं. शरीरसंबंधांचं काय, याबद्दल एक अक्षर नसतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: विचारायचंच नाही. "या वयात काय विचारायचं?" असं नव्या मुली म्हणतात, तेव्हा मला राग येतो. पन्नाशीच्या एक काकू कित्येक महिने तपासणीला येत होत्या. खोकलं की लघवी सुटायची. दर खेपेला पॅडचा सल्ला घेऊन परत जायच्या. एकदा मी सुनेला बाहेर बसवलं, दार लावलं आणि म्हटलं, "काकू, पुष्कळ बायकांना संबंधाच्या वेळीही लघवी सुटते. तुम्हाला होतं का तसं?" त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, एकदा अंथरूण ओलं झालं, तेव्हापासून मी वेगळ्या खोलीत निजते." नवऱ्याला कारण माहीतच नव्हतं. हिचं मन उडालं, असं तो धरून बसला होता.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी "पुष्कळ बायकांना होतं" हे सांगायचं, मग विचारायचं. नातेवाइकांसमोर कधीच नाही. ती हो म्हणाली, तर नेमकं कधी सुटते तेही विचारा. संबंधाच्या सुरुवातीला सुटत असेल तर बहुधा ओटीपोटाच्या तळाचे, मूत्राशयाला आधार देणारे स्नायू सैल असतात. सुखाच्या परमोच्च क्षणी सुटत असेल तर मूत्राशय अवेळी आकुंचन पावत असण्याची शक्यता जास्त. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून हे डॉक्टरांपर्यंत पोचवा. तोवर आधी लघवीला जाऊन येणं, खाली जाड टॉवेल घालणं, कुशीवर झोपून किंवा बाईने वर राहून पोटावरचा भार टाळणं, एवढ्यानेही बराच धीर येतो. काकू पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन आल्या.

दुसरी चूक म्हणजे कागद हातात देऊन "कीगल करा" म्हणणं. अर्नोल्ड कीगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये तळाचे स्नायू आवळण्याचा हा व्यायाम मांडला, तेव्हा आकुंचन मोजायचं उपकरणही बनवलं होतं. स्नायू बरोबर आवळला जातोय की नाही, हे बघणं त्यात आलंच. आपण ते सोडून देतो, आणि बायका श्वास कोंडून खाली जोर लावत बसतात. त्याने त्रास वाढतो. वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, नितंब आणि मांड्या सैल, श्वास चालू. जमेल तसं दहापर्यंत मोजत धरायचं आणि पूर्ण सोडायचं. सोडणं शिकवलं नाही तर स्नायू ताठरतात आणि संबंध दुखरे होतात. एका वेळी ८, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. पंधरवड्यात "फरक नाही" म्हणून सोडणाऱ्यांना आणि त्यांना थेट गोळ्यांकडे वळवणाऱ्यांना माझा साफ विरोध आहे. लघवीची धार मध्येच तोडून रोज सराव करू देऊ नका. मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

पाणी तोडायला सांगू नका. लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चाळवतं. चहा-कॉफी कमी करायला सांगा.

लघवीने ओली होणारी त्वचा साबणाने पुन्हा पुन्हा धुणं बंद. सौम्य, आम्लधर्मी क्लीन्झर वापरा, टिपून कोरडं करा, संरक्षक क्रीम पातळच लावा. जाड थर पॅडवर उतरतो आणि पॅड शोषत नाही. पाळीचे पॅड लघवीसाठी नसतात.

रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणाला पाण्यावर आधारित जेल सुचवा, आणि योनीत लावायच्या इस्ट्रोजेनबद्दल डॉक्टरांना विचारा. लॅटेक्सच्या कंडोमबरोबर तेल किंवा पेट्रोलियम जेली नको, तो फाटतो.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आहे म्हणजे संबंध बंद, असंही ठोकून देऊ नका. डॉक्टरांची हरकत नसेल तर नळी पोटावर चिकटवून बाजूला घेता येते. फक्त ती ओढली जाऊ नये.

त्रास अचानक सुरू झाला, जळजळ आहे किंवा लघवीत रक्त दिसलं, तर आधी तपासणी. मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला असेल तर व्यायाम शिकवत बसू नका, त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा.