ट्रिमचं चाक आणि डावा खांदा

विमान चालवायला शिकताना सुरुवातीच्या सॉर्टींनंतर (सरावाच्या उड्डाणांनंतर) डावा खांदा भरून येत असेल, तर व्यायाम कमी पडत नाहीये, ट्रिम कमी पडतंय. ट्रिम म्हणजे डाव्या हातातल्या योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) सतत द्यावा लागणारा दाब एका चाकाने काढून टाकणं. बारामतीला मी सेसना १७२ वर शिकत होतो तेव्हा सर हेडसेटवर सारखे म्हणायचे, "मूठ सोड, दोन बोटांनी धर." दोन बोटांनी विमान धरवत नाही, याचाच अर्थ ट्रिम झालेलं नाही.

१७२ मध्ये हे चाक दोन सीटांच्या मधे, पॅनेलखाली उभं बसवलेलं असतं. वर ढकललं की नाक खाली, खाली ओढलं की नाक वर. उजव्या एलिव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या पंखाचा, नाक वर-खाली करणारा हलता भाग) मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती या चाकाने हलते. पट्टी खाली झुकली की हवा एलिव्हेटरला वर लोटते आणि नाक वर जातं. इंजिन बंद असताना कुणाला तरी आत बसवून चाक फिरवायला लावा आणि मागे उभं राहून बघा. आकृतीपेक्षा लवकर डोक्यात शिरतं.

समजा, ७४ नॉट्स वेगाने क्लाइंब करत (चढत) आलात आणि लेव्हल (एकाच उंचीवर) व्हायचंय. नाक क्षितिजाशी जुळवा आणि तिथे हाताने धरून ठेवा. विमान वेग पकडत १०० च्या पुढे जातं, आणि वेग वाढेल तसं नाक वर उठायला बघतं. दाबून ठेवा. अधेमधे ढोबळ ट्रिम चालेल. हवा तो वेग आला की पॉवर साधारण २३०० आरपीएमवर आणा, वेग स्थिरावू द्या, मग हातावरचा दाब जाईपर्यंत चाक फिरवा. आता बोटं सैल करा. नाक सरकलं? आधी योकने जागेवर आणा, मग किंचित ट्रिम. चाकानेच नाक वर-खाली करणाऱ्याचा आल्टिमीटर (उंची दाखवणारा काटा) कधी एका जागी राहत नाही.

एक गोष्ट मला उशिरा उमगली: ट्रिम वेगाला होतं, उंचीला नाही. ९० ला नीट ट्रिम केलेल्या विमानाची थोडी पॉवर काढा, ते जवळपास त्याच वेगाने उतरू लागतं. सरांबरोबर असताना हे मुद्दाम करून बघा.

मे महिन्यातल्या दुपारी थर्मल्स (तापून वर चढणारी हवा) विमानाला उचलतात, आपटतात. त्यांच्या मागे चाक फिरवत बसू नका. सरासरी नाक जागेवर असलं की पुरे.

जपायचं ते गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना. अप्रोचला (उतरायला येताना) फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेचे खाली येणारे भाग) पूर्ण, वेग ६५ च्या आसपास, ट्रिम नाक वर करणारं. अशात फुल पॉवर दिली की नाक जोरात उसळतं आणि वेग झपाट्याने पडू शकतो. योक पुढे घट्ट दाबा, नाक आवरा, फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने घ्या. जरा सावरलं की लगेच ट्रिम. टच-अँड-गोमध्येही (टेकून लगेच पुन्हा उडताना) तेच ट्रिम तसंच राहिलेलं असतं, म्हणून पॉवर देण्याआधी चाक टेकऑफच्या खुणेवर आणायचं.