दिव्यांगांचा सामाजिक सहभाग मोजताना या चुका टाळा

सर्वेक्षणाचे तक्ते तपासायला आले की उत्तर नेमके कोणी दिले, हे मी सर्वप्रथम शोधतो आणि बहुतेक वेळा तशी नोंदच केलेली नसते. एका गावातील कर्णबधिर तरुणीच्या वतीने तिच्या भावाने सर्व प्रश्नांना ‘होय’ म्हटले होते: ती लग्नकार्यांना जाते, ग्रामसभेला जाते, बचत गटातही आहे. खुणांची भाषा जाणणारी कार्यकर्ती पुन्हा तिच्याकडे गेली, तेव्हा कळले की लग्नघरी ती भांड्यांपाशीच असते, ग्रामसभेच्या नोंदवहीवर तिची सही गणपूर्तीसाठी घरी येऊन घेतली जाते आणि बचत गटाच्या बैठकीला तिच्याऐवजी आई बसते. तेव्हापासून मी प्रत्येक उत्तरापुढे ते देणाऱ्याचे नाते लिहून घेतो आणि ‘ग्रामसभेला जाता का?’ या प्रश्नाला ‘मागच्या वेळी तुम्ही काय मांडलेत?’ हा प्रश्न जोडतो. वेळ दुप्पट लागतो, पण दिवसाकाठी भरलेल्या अर्जांची संख्या मिरवणाऱ्यांना हे पटवणे कठीण असते.

दुसरी खोड प्रश्नावली छाटण्याची. भारत, नेपाळ आणि ब्राझील येथे मुख्यतः कुष्ठरोगग्रस्तांसोबत काम करून तयार झालेल्या सहभाग मापनश्रेणीत 18 प्रश्न आहेत. गुण 0 ते 90 असतात आणि 12 पर्यंतच्या गुणांचा अर्थ सहभागावर लक्षणीय मर्यादा नाही असा घेतात. उतावळे नवखे त्यातले पाच प्रश्न उचलतात, ज्यांची कमाल बेरीज 25 होते, आणि तरीही 12 चीच सीमा लावून ‘समावेशन उत्तम’ असा अहवाल देतात. शिवाय त्या श्रेणीतली तुलना आपल्यासारख्याच इतरांशी असते. गावातील बायका मुळातच ग्रामसभेला जात नसतील, तर दिव्यांग स्त्रीच्या गैरहजेरीचे खापर तिच्या दिव्यांगत्वावर फोडता येत नाही.

‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे थेट विचारू नका. पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची निगा राखणे आणि संवाद साधणे यांतील अडचण विचारणारे वॉशिंग्टन गटाचे (दिव्यांगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न वापरा, मात्र त्यांतून सहभाग मोजला जात नाही. केवळ प्रमाणपत्रधारकांची यादी घेऊन नमुना निवडू नका. आणि गटचर्चा जिना चढून जाण्याच्या सभागृहात ठेवून, न आलेल्यांपुढे ‘उदासीन’ असा शेरा मारू नका.