कूलर आवरताना टाकी घासाच
ग्वाल्हेरात पाऊस सरला की पहाटे गारवा आणि दुपारी घामाच्या धारा. लष्कर भागातल्या आपल्या घरांमध्ये कूलर याच दिवसांत बंद होतात, पण तळाशी बोटभर पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा एडिस डास नेमका तिथेच वाढतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून काथ्याने कडा खसाखसा घासा, टाकी उन्हात वाळवा, मगच झाका. कूलर चालूच असेल तर दर आठवड्याला हेच करा. हा डास दिवसा चावतो. मुलांना शाळेत पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाठवा. ताप आला तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने मुळीच घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.