परदेशात नवीन आलात? ऑफिशियल पत्र लिहायच्या आधी हे वाचा

नवीन आलेली मंडळी हमखास विचारतात की फोनवर सगळं सांगून झालंय, तिकडची बाई "हो हो बघते" म्हणाली, मग वर आणि पत्र कशाला? अहो, ती बाई उद्या दुसऱ्या डिपार्टमेंटला गेली की तुमचं सगळं बोलणं गेलं. वाद झाला की कागदच बघतात. अमेरिकेचंच घ्या, क्रेडिट कार्डाच्या बिलात चूक असेल तर ती चूक असलेलं पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत तुमचं लेखी पत्र कार्ड कंपनीला पोचावं लागतं, आणि तेही बिलाच्या तक्रारींसाठी दिलेल्या पत्त्यावर, पैसे भरतो त्या पत्त्यावर नाही. १९७४ चा कायदा आहे हा. नुसत्या फोनवर हा हक्क धरून बसू नका.

आता आपली खोड. शाळेत अर्ज लिहायला शिकलो ना, रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, युअर्स ओबीडियंटली, ते हात सोडत नाही. आणि दुसरं म्हणजे आपण आधी ख्यालीखुशाली विचारतो, मग स्वतःची ओळख, मग सगळी हकीकत, आणि पैसे मागायचे असले की ते संकोचून अगदी शेवटी. वाचणारा तिथपर्यंत येतच नाही हो, त्याच्यापुढे असा गठ्ठा पडलेला असतो. काय हवंय ते पहिल्या दोन ओळींत लिहा, यात उद्धटपणा काही नाही.

समजा घर सोडलंय आणि मालक डिपॉझिट देत नाहीये. आपण लिहितो, तुमच्या घरात आम्ही फार आनंदात राहिलो, सध्या जरा खर्च निघालेत, तरी कृपया लक्ष घालावं. कशात लक्ष घालावं? त्यापेक्षा विषयात फ्लॅट नंबर आणि "डिपॉझिट परत करणे" एवढंच टाका आणि खाली सरळ लिहा: "मी ३१ मार्चला फ्लॅट रिकामा करून चाव्या दिल्या. डिपॉझिट अजून मिळालेलं नाही. ते ३० एप्रिलपर्यंत खालील खात्यात जमा करावं." मग चाव्या कोणाकडे दिल्या, फोटो जोडलेत, करारातलं कुठलं कलम लागू होतं, एवढं बास. डू द नीडफुल लिहून सोडू नका, ते नीडफुल काय ते तुम्हीच सांगायचंय. आणि कितीही डोकं फिरलेलं असलं तरी "तुम्ही लबाड आहात" असलं काही नको, हेच पत्र उद्या तिसरा माणूस वाचणार असतो आणि तेव्हा तुम्ही शांत दिसलेलं बरं.

तारखेत महिना अक्षरात लिहा. ०३/०४ म्हणजे अमेरिकेत ४ मार्च आणि ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, मुदतीच्या पत्रात हा घोळ महागात पडतो.

मायना एकदा समजून घेतला की झालं. मिस्टर किंवा मिज (Ms) आणि पुढे फक्त आडनाव, बाईचं लग्न झालंय का याच्याशी आपल्याला काय करायचंय, म्हणून मिज. ब्रिटिश पद्धतीत नाव माहीत असेल तर शेवटी युअर्स सिन्सिअरली, डिअर सर ऑर मॅडम असेल तर युअर्स फेथफुली. अमेरिकेत नुसतं सिन्सिअरली चालतं. जर्मनीत तर पत्राच्या मांडणीसाठी डीआयएन ५००८ नावाचं स्टँडर्डच आहे आणि फ्रेंच लोकांचा शेवटचा नमस्कार अख्खं एक वाक्य असतो, तो तयार मिळतो तसाच उचला, स्वतः रचत बसू नका.

आपल्याकडच्यांचा खरा घोळ नावाचा. मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, कुठे आडनाव आधी, कुठे नुसतं इनिशियल. खात्यावर किंवा करारावर जसं आहे अगदी तसंच पत्रात लिहा आणि त्याच ओळीत अकाउंट किंवा रेफरन्स नंबर टाका, नाहीतर तुमची फाईल सापडत नाही आणि उत्तर येतं की अशी व्यक्ती आमच्याकडे नाही.

इंग्रजी कच्चं असेल तर एआयकडून सुधारून घ्या, खुशाल घ्या, पण नंतर तारखा आणि रकमा स्वतः तपासा, आणि त्याने घातलेली फुलंपानं काढून टाका. एका पानाच्या वर जायची गरज शक्यतो पडत नाही.

ओरिजिनल कागद कधीच पाठवू नका, झेरॉक्स जोडा आणि काय काय जोडलंय ते सहीच्या खाली लिहा. मुदतीचा किंवा पैशाचा मामला असेल तर पोच मिळेल अशा रजिस्टर्ड पोस्टानेच पाठवा, सही केलेल्या पत्राचा आधी फोटो काढा आणि पोस्टाची पावती त्याच फोल्डरमध्ये ठेवा. दिलेल्या तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र अजून छोटं: पहिल्या पत्राची तारीख, सोबत त्याची कॉपी, नवी मुदत, आणि त्यानंतर तक्रार कुठे करणार त्या ऑफिसचं नाव.