पोटाचं डायलिसिस घरी करताय? मग या चुका टाळा

सीएपीडीच्या, म्हणजे पोटाच्या डायलिसिसच्या पेशंटांच्या घरी जाऊन बघायचं काम मी बारा वर्षं करते आहे. सातारा, कराड, पाटण आणि पुढे कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्या. एक घर स्लॅबचं असतं, एक कौलारू असतं, एका ठिकाणी मुलगा इंजिनिअर असतो आणि दुसरीकडे सून चौथी शिकलेली असते. चुका मात्र सगळीकडे त्याच. गंमत म्हणजे चौथी शिकलेली सून सहसा कमी चुकते, कारण ती शिकवलेलं तसंच्या तसं करते.

पद्धत तशी साधी आहे. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून पिशवीतलं दोन लिटर डायलिसिसचं पाणी आत सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, मग ते काढून नवीन भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा. या प्रत्येक अदलाबदलीला एक्सचेंज म्हणतात. पोटाच्या आतलं पातळ आवरणच चाळणीचं काम करतं. जुलैमध्ये कोयनेकडचा रस्ता दरड कोसळून बंद पडला की आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर जाणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, तेव्हा घरातलं हे डायलिसिस किती मोलाचं आहे ते कळतं. पण इथे सिस्टर तुम्हीच असता. मी महिन्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस सगळं तुमच्या हातात.

धुतलेले हात पदराला पुसणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता मी दारातूनच पदराकडे बघते. काकू साबणाने कोपरापर्यंत छान हात धुतात, बोटांच्या बेचक्यासुद्धा घासतात. मग त्याच ओल्या हाताने नळ बंद करतात आणि पदराला हात पुसून पिशवीपाशी येतात. धुण्याची सगळी मेहनत त्या दोन सेकंदांत वाया जाते. ओल्या हातावर जंतू सहज चिकटतात आणि पदर तर सकाळपासून चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळीकडे फिरलेला असतो.

माझी सवय सांगते. नळ दुसऱ्या कुणाला तरी बंद करायला लावायचा, किंवा कोपराने फिरेल असा नळ बसवून घ्यायचा. हात पुसायला छोटे सुती नॅपकिन धुऊन, कडक उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवायचे. एका वेळेला एक नॅपकिन, वापरला की धुण्यात. अंगठ्या काढायच्या. बांगड्या काढवत नसतील तर त्या वर सरकवून वर रबरबँड लावायचा. हिरव्या बांगड्या उतरवा असं मी कुणालाच म्हणत नाही, पण त्या नळीवर लोंबायला नकोत.

पंखा बंद, दार-खिडकी बंद, तोंडाला मास्क. मे महिन्यातसुद्धा. जोडणी होईपर्यंत दोन-तीन मिनिटं घाम आला तर येऊ द्या, नंतर पंखा लावा.

गढूळ पिशवी ओतून देणं

सगळ्या चुकांमध्ये मला सर्वांत जास्त त्रास देणारी चूक ही.

पोटातून निघालेलं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं असतं. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. अक्षरं धूसर झाली, पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसायला लागलं, तर पोटात जंतुसंसर्ग झाला असं समजूनच चालायचं. पोट दुखत नसलं तरी. ताप नसला तरी. पुष्कळदा पाणी आधी गढूळ होतं आणि दुखणं नंतर येतं.

पाटण तालुक्यातल्या एका वाडीतली गोष्ट. साठीतले गृहस्थ, दोन वर्षं डायलिसिस अगदी नीट चाललं होतं. शेतावर जायचे, नातवाला शाळेत सोडायचे. त्यांची घरधनीण सगळी एक्सचेंज करायची आणि माझ्या पाहण्यातल्या सर्वांत टापटीप बायकांपैकी ती एक होती. घरात पुतणीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी सकाळी पिशवी गढूळ निघाली. तिने बघितली, तिला कळलंही, कारण मी तिला ते दहा वेळा दाखवलं होतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं. तिने ती पिशवी मोरीत ओतली. दुपारची गढूळ, तीही ओतली. रात्री पोट दुखायला लागलं तेव्हा कुणीतरी गावातल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मला फोन आला तो तिसऱ्या दिवशी पहाटे.

"सिस्टर, मालकांचं पोट दगडावाणी झालंय."

"पाणी कधीपासून गढूळ येतंय?"

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हळदीच्या दिसापास्नं. म्हटलं, लगीन पार पडू दे, मग फोन करू."

हॉस्पिटलला आणलं, पाणी तपासायला पाठवलं. पांढऱ्या पेशी भरमसाट होत्या, पण कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काहीच वाढलं नाही, कारण आधीच्या अर्धवट गोळ्यांनी जंतू मेले नव्हते, फक्त लपले होते. कोणता जंतू ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येत नाही, अंदाजाने द्यावं लागतं. पिशवीतून अँटिबायोटिक सुरू केलं. पाच दिवस झाले तरी पाणी स्वच्छ होईना, तेव्हा डॉक्टरांनी नळी काढली. नळी काढली नसती तर जीव धोक्यात आला असता. आता ते आठवड्यातून तीन दिवस कराडला मशीनवर जातात. जायला दीड तास, चार तास मशीन, यायला दीड तास. त्या बाईला मी एक शब्द बोलले नाही. ती आजही मला बघून रडते.

म्हणून सांगते. पाणी गढूळ दिसलं तर पिशवी ओतायची नाही. तिचा चाप बंद करायचा, ती स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची आणि माणसाबरोबर हॉस्पिटलला आणायची. त्याच पाण्यातून आम्हाला जंतू सापडतो. मनाने कोणतीही गोळी द्यायची नाही. फोन त्याच तासाला करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. हळद, बारसं, तेरावं, पेरणी, यांतलं काहीही त्या फोनपेक्षा मोठं नाही. वेळेत आलात तर बहुतेकांचा संसर्ग दोन-तीन आठवड्यांच्या औषधाने बरा होतो आणि नळीही वाचते.

गरम पाण्यात पिशवी बुडवणं

पाणी अंगाइतकं कोमट असावं हे बरोबर. गार पाण्याने पोटात कळ येते. पण पातेल्यात पाणी तापवून त्यात पिशवी बुडवायची, ही युक्ती कुणी कुणाला शिकवली कोण जाणे, निम्म्या घरांत मला ती दिसते. पिशवीच्या तोंडाशी पाण्याचा ओलावा राहतो, त्यात जंतू असतात आणि जोडताना तेच आत जातात. मायक्रोवेव्हही नको. वरून पिशवी कोमट लागते आणि आत एखादा भाग चटका बसण्याइतका तापलेला असतो.

बाहेरचं वेष्टण न फाडता शेकायच्या इलेक्ट्रिक पॅडमध्ये गुंडाळून ठेवा. वेळ लागतो, लागू द्या. रोज सकाळचं एक्सचेंज सहाला असेल तर पावणेपाचला उठून पॅड लावावा लागेल. ज्यांना हे जड वाटतं त्यांना मी स्पष्ट सांगते की या डायलिसिसमध्ये घाईला जागा नाही. घाई करणारे आणखी एक पायरी गाळतात: नवीन पाणी पोटात सोडण्याआधी पाच आकडे मोजेपर्यंत ते थेट निचऱ्याच्या पिशवीत जाऊ द्यायचं असतं. जोडताना नळीच्या तोंडाशी काही लागलं असेल तर ते तिथेच धुऊन निघतं. मी पेशंटला मोठ्याने मोजायला लावते. मनातल्या मनात मोजणारे तीनवरच थांबतात.

पाणी निघत नाही म्हणून पोट दाबणं

आधी बघा, चाप उघडा आहे का. मग बघा, नळी पायजम्याच्या नाडीखाली किंवा कंबरेच्या करदोट्याखाली मुडपली आहे का. मग पेशंटला कूस बदलायला सांगा, उभं राहायला सांगा. त्यानंतर माझा ठरलेला प्रश्न: शौचाला कधी झाली? दोन-तीन दिवस पोट साफ नसलं की भरलेलं आतडं नळीला बाजूला ढकलतं आणि पाणी अडतं. फोनवरच्या अशा तक्रारींपैकी कितीतरी डॉक्टरांनी दिलेल्या रेचकानेच सुटल्या आहेत. पोट दाबू नका, नळी ओढू नका. पाण्यात पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, पण कळवा.

नळी पोटातून बाहेर येते त्या जागी हळद, खोबरेल, पावडर, अंगारा काहीही लावायचं नाही. श्रद्धा असेल तर अंगारा कपाळाला लावा. खपली ओढायची नाही. लिहून दिलेलं मलम रोज, आणि नळी टेपने अंगाला चिकटवलेली असलीच पाहिजे.

मिनीकॅप, म्हणजे नळीच्या टोकाला लावायची छोटी टोपी, एकदाच वापरायची. स्पिरिटमध्ये बुडवून पुन्हा लावलेली मी पाहिली आहे.

नळीचं उघडं टोक चादरीला, बोटाला, कशालाही लागलं तर पाणी आत सोडायचं नाही. चाप बंद, नवी मिनीकॅप, फोन. "कुणी पाहिलं नाही" असं समजून पुढे जाऊ नका.

विहिरीत, नदीत, तलावात अंघोळ नाही. कृष्णेवर पर्वकाळ असला तरी नाही.

जेवण तोडणं

किडनी बिघडायला लागली तेव्हा डॉक्टरांनी डाळी-अंडी कमी करायला सांगितलं होतं, तेच लोक डायलिसिस सुरू झाल्यावरही पाळत बसतात. पातळ वरणाचं पाणी आणि भात खाऊन पेशंट वाळतो. या डायलिसिसमध्ये रोज पोटातल्या पाण्याबरोबर पाच ते पंधरा ग्रॅम प्रोटीन बाहेर जातं. ते भरून काढायला अंड्याचा पांढरा भाग, मासे, पनीर, जे तुमच्या आहारतज्ज्ञ सांगतील ते, आणि पोटभर.

मीठ मात्र हाताबाहेर जाऊ देऊ नका. लोणचं-पापड खायचा, मग पाय सुजले की मनानेच लाल टोपीची, सर्वांत जास्त साखरेची पिशवी लावायची, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. ४.२५ टक्क्यांच्या पाण्याने सूज उतरते खरी, पण रक्तातली साखर वाढते आणि वर्षानुवर्षं वापरलं तर पोटाची चाळणीच खराब होते. पिशवी कोणती लावायची ते डॉक्टर ठरवतील.

रात्री आयकोडेक्स्ट्रिनची (साध्या साखरेऐवजी हा पदार्थ असलेली) पिशवी ठेवणाऱ्या मधुमेही पेशंटांनी आपला ग्लुकोमीटर चालतो का ते विचारून घ्यावं. काही मशीनांवर साखर खोटी जास्त दिसते आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर खरी साखर धोकादायक खाली जाते.

सिस्टर येणार म्हणून सजवलेलं घर आणि वही

साताऱ्यात एक दुकानदार आहेत. मी गेले की सगळं चकाचक: टेबलावर नवं कापड, नवा मास्क, वही उघडून समोर. वहीत महिनाभराची प्रत्येक नोंद एकाच निळ्या पेनने, एकाच अक्षरात, आणि जास्तीचं पाणी, म्हणजे भरल्यापेक्षा जितकं जास्त निघालं ते, दर वेळी ३०० मिली. ना कधी २५०, ना कधी ४००. माणसाच्या पोटातून असं मोजून-मापून पाणी येत नाही.

मी वही बाजूला ठेवली आणि पाऊल दाबून बघितलं. बोट रुतलं. वजन गेल्या वेळेपेक्षा चार किलो जास्त. मग मी माळ्यावरच्या पेट्या मोजल्या. एक तारखेला १२० पिशव्या आल्या होत्या, २८ दिवसांत ११२ संपायला हव्या होत्या, आठ उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या ३४. म्हणजे रोज जवळजवळ एक पिशवी लावलीच नव्हती.

"दादा, दुपारची नाही लावत ना?"

त्यांनी मान खाली घातली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक असतं, घरी येणं जमत नाही आणि हे डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतील अशी भीती. मी डॉक्टरांशी बोलले. त्यांनी तपासण्या करून वेळा बदलून दिल्या: एक दुकान उघडण्याआधी, एक संध्याकाळी, एक झोपताना लांब वेळासाठी. पंधरा दिवसांत सूज उतरली. हेच दोन महिने आधी कळलं असतं तर दोन महिने त्यांनी उशा रचून, बसून झोपण्यात घालवले नसते.

वहीत खरं लिहा. चुकलेली पिशवी "चुकली" अशी लिहा. स्प्रिंगच्या काट्यावर भरायची पिशवी आणि निघालेली पिशवी रोज तोलून आकडा त्याच वेळी टिपा, रात्री आठवून नाही. सकाळचं वजन आणि बीपी त्याच पानावर. डाग पडलेली, वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेली वही बघून मला बरं वाटतं, कारण ती खरी असते. आणि करणारं माणूस बदललं असेल, सून माहेरी गेली म्हणून मुलगा करतोय, तर तसं सांगा. बघून शिकलेला माणूस आणि हाताखाली शिकलेला माणूस यांत फरक असतो. दोन दिवसांत "मला येतं" म्हणणाऱ्या मुलाला मी आठवडाभर समोर बसून करायला लावते, त्याला राग आला तरी.

पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, जास्तीच्या पेट्या मागवून घ्या. त्या भिंतीला आणि जमिनीला न टेकवता फळीवर ठेवा, आणि जुन्या तारखेची पेटी आधी काढा.

मी येण्याच्या दिवशी एक्सचेंज आधीच उरकून ठेवू नका. माझी वेळ आणि तुमच्या पिशवीची वेळ फोनवर जुळवून घ्या. मी आल्यावर पिशवी रोज लावता त्याच खोलीत, त्याच खुंटीला लावा आणि जे माणूस रोज करतं त्यालाच करू द्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून बघेन.