एकच पायवाट, बारा महिने: गोव्याच्या डोंगरांतील ऋतुबदल कसा टिपावा

निसर्गातील ऋतुबदल छायाचित्रांतून नोंदवायचा असेल, तर नवनवी ठिकाणे पाहत फिरण्याचा मोह आरंभीच सोडावा लागतो. फेब्रुवारीत मोले, जुलैमध्ये चोर्ला घाट आणि ऑक्टोबरमध्ये नेत्रावळी अशी भटकंती केल्यास छायाचित्रे सुंदर मिळतील; परंतु त्यांतला फरक ऋतूचा आहे की जागेचा, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून दोन-तीन किलोमीटरची एकच वाट निवडावी आणि वर्षभर तिच्यावरच जावे.

वाट घराजवळची असावी, कारण दर पंधरा दिवसांनी जाणे जमले नाही तर ही सारी पद्धत कोलमडते. शक्य असल्यास तिच्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा, पानगळीची झाडे, एखादा ओढा आणि थोडी सदाहरित झाडी यांपैकी किमान तीन गोष्टी असाव्यात. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांत अशा वाटा मुबलक आहेत. सासष्टी-केप्यातल्या वाचकांना पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर सोयीचा पडेल आणि बार्देश-तिसवाडीकरांना गावाच्या माथ्यावरचा सडादेखील पुरेल. पहिल्या वर्षी अभयारण्याबाहेरचीच वाट घ्यावी, असे माझे मत आहे. भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी आणि खोतीगाव या अभयारण्यांत प्रवेशासाठी वन खात्याची परवानगी व शुल्क लागते आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटांवर निर्बंध येतात, त्यामुळे नेमक्या महत्त्वाच्या आठवड्यांत फेरी चुकण्याची शक्यता असते. वाट देवराईतून जात असेल तर गावच्या लोकांना आधी विचारावे आणि तिथली रीत पाळावी. काही रायांमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात आणि पान तोडणेही निषिद्ध असते.

ठरावीक जागा, ठरावीक चौकट

वाटेवर पाच-सहा जागा कायमच्या ठरवाव्यात. खुणेसाठी झाडाला खिळा ठोकू नये की दगडाला रंग लावू नये. वीजखांब, देवळाची पायरी किंवा न हलणारा मोठा धोंडा अशी आधीचीच खूण पुरते. प्रत्येक जागेवरून एकच दिशा, कॅमेऱ्याची एकच उंची आणि एकच फोकल लेंग्थ (म्हणजे झूमची एकच पातळी) ठेवावी. मोबाइल वापरत असल्यास बोटांनी झूम न करता मुख्य लेन्सनेच चित्र घ्यावे. मागील फेरीचे चित्र सोबत ठेवून जवळची एक वस्तू आणि दूरची एक वस्तू यांची जुळणी करावी: समोरच्या फांदीचा बेचका मागच्या डोंगराच्या ज्या खिंडीवर पूर्वी येत होता तिथेच आला, म्हणजे आपण योग्य ठिकाणी उभे आहोत.

उजेडाच्या बाबतीत गोव्यात एक गोष्ट विसरून चालत नाही. आपण सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या आरंभी आणि ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि या दोन वेळांच्या दरम्यान तो भर दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून ५१ अंशांच्या आसपासच चढतो. परिणामी उत्तरेकडे तोंड असलेला जो उतार डिसेंबरात सावलीत काळपट दिसतो, तोच मे महिन्यात उजळलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की झाडीच बदलली. यावर उपाय म्हणून सकाळी साडेआठ ते साडेनऊ अशी वेळ बांधून घ्यावी आणि शक्यतो ढगाळ प्रकाशातले एक चित्र प्रत्येक ऋतूत मिळवावे.

कॅमेऱ्याची व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सोय) 'ऑटो'वर ठेवू नये. कोवळ्या पानांचा तांबडा आणि जुन्या पानांचा पिवळा हाच तर आपला विषय आहे, आणि ऑटो नेमका तोच रंग 'सुधारून' टाकते. ती 'डेलाइट'वर स्थिर करावी आणि सोय असेल तर रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) चित्र साठवावे. लेन्सवर पोलरायझर ही चकाकी रोखणारी काच लावल्याने ओल्या पानांवरची चकाकी जाते व हिरवा रंग गडद होतो, परंतु ठरावीक चौकटींसाठी तो एक तर नेहमी वापरावा किंवा कधीच वापरू नये. जंगलातल्या अंधाऱ्या भागात, विशेषतः पावसात, आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १६०० ते ३२०० पर्यंत न्यायला कचरू नये. थोडे रवाळ चित्र हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही उपयोगी. धबधब्याचे पांढरे पाणी चौकटीत असेल तर कॅमेरा फसतो आणि भोवतालची झाडी काळी करतो, म्हणून एक्स्पोजर (चित्र किती उजळ येईल ते) आधी पानांवर पाहून कुलूपबंद करावे.

काय पाहावे

जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर निष्पर्ण होऊन फुलते, पाठोपाठ पळस आणि पांगारा पेटतात. शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे, ढोल वाजू लागतात तेव्हा डोंगरउतारावर हा लाल-केशरी रंग ऐन भरात असतो. याच सुमारास कुसुमाला किरमिजी पालवी फुटते, जी दुरून फुलांसारखीच दिसते. किंजळीचा गोंधळ उलटा: डिसेंबर-जानेवारीत अख्खे झाड तांबूस-तपकिरी दिसते, पण ती फुले नसून पंख असलेली फळे असतात. म्हणून प्रत्येक झाडाची दोन चित्रे घ्यावीत, एक संपूर्ण झाडाचे आणि एक डहाळीचे. दुसऱ्यावाचून पहिल्याचा अर्थ लागत नाही. कुंभ्याची फुले रात्री उमलून सकाळी खाली पडतात, तेव्हा त्याच्यासाठी जमिनीकडेही पाहावे. सड्याच्या कडेला अंजनीची निळी-जांभळी फुले खोडाला आणि फांद्यांना चिकटून येतात आणि अवघ्या काही दिवसांत संपतात. पंधरवड्याच्या फेरीत ती हमखास चुकतात. राज्यवृक्ष असलेला ऐन, ज्याला आपल्याकडे माट्टी म्हणतात, उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, तेव्हा त्याची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल टिपण्यास उत्तम काळ असतो. एप्रिल-मेमध्ये बहावा, करवंदे, चुर्ना, जांभळे आणि भिरंडे (कोकम) यांची पाळी येते. हे काळ दरवर्षी थोडे मागेपुढे होतात, आणि तेच तर नोंदवायचे आहे.

उन्हाळ्यात वणव्याने करपलेला उतार दिसला तर त्याकडे पाठ फिरवू नये. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या अनेक डोंगरांवर आगी लागल्या होत्या. अशा उतारावर कोणती झाडे बुंध्यापासून फुटतात, कोणती वाळूनच जातात आणि पहिल्या पावसानंतर गवत किती भरते, हे ठरावीक चौकटीइतके स्पष्ट दुसरे काहीच दाखवू शकत नाही.

मात्र ज्याला एकाच ठिकाणी सर्वाधिक बदल पाहायचा आहे, त्याने सड्यावर जावे. मे महिन्यात हा सडा काळ्या-तांबड्या रिकाम्या खडकासारखा असतो आणि बहुतेक लोक त्याला पडीक जमीन समजतात. चिरेखाणी आणि बांधकामे तिथेच आधी पोचतात, त्याचे एक कारण हा समज आहे. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की खळग्यांत पाणी साचते, खडकावर शेवाळ चढते आणि कडेच्या मातीतून रानहळद व मुसळी वर येतात. गावातल्या बायका तायखिळा ही रानभाजी खुडू लागतात तोच हा काळ. पुढे जुलैपासून सप्टेंबरपर्यंत फुलांचे थर एकामागून एक उलगडतात: गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, तेरडा, पिवळा कवला, आणि ओलसर मातीत चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती. सीतेची आसवेदेखील कीटकभक्षीच आहेत, फक्त त्यांचे सापळे पाण्यात व मातीत दडलेले असतात. चवथीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या सजावटीसाठी, कांगलां, कवंडळ आणि माट्टीची फळे गोळा करायला लोक डोंगरावर जातात तेव्हा सडा भरात असतो. माटोळी बांधणाऱ्या जाणत्या माणसाबरोबर एक सकाळ फिरल्यास कोणती वेल कुठे आणि केव्हा फळते हे पुस्तकांपेक्षा लवकर कळते. ऑक्टोबरात गवत सोनेरी होते, सातवीण फुलते, आणि नोव्हेंबरअखेर सडा पुन्हा उघडा पडू लागतो. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात फेरी पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला करावी. चौकट वरून खाली, जमिनीच्या एक मीटर चौरस तुकड्यावर ठेवावी आणि मापासाठी पाच रुपयांचे नाणे कडेला ठेवावे. गुडघे टेकण्यापूर्वी खाली काय उगवले आहे ते पाहावे. सड्यावर पायवाट सोडून चालणे म्हणजे फुलांवरून चालणे होय.

प्राण्यांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर कान उघडे ठेवावेत. मार्चपासून सिकाडा या किड्यांचा आवाज, पावसाआधी पावशा, पहिल्या सरींनंतर बेडूक, ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर आणि थंडीच्या तोंडावर परतलेला नवरंग पक्षी, यांचे अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर करून ठेवावे. मेअखेरीस काजवे येतात. पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत मलबारी उडत्या बेडकाचे फेसाळ घरटे दिसल्यास हात न लावता लांबून टिपावे. बेडूक पकडणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात गोव्यात 'जंपिंग चिकन' म्हणून खाण्यासाठी ते अजूनही पकडले जात असल्याने बेडकांच्या जागा कोणाला न सांगणेच शहाणपणाचे. धनेशाची मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला भरवतो. अशा झाडाखाली थांबू नये, कारण नर माणूस पाहून माघारी जातो.

नोंदवही

छायाचित्राबरोबर नोंद नसेल तर ते आठवणीपुरतेच उरते. तारीख, वेळ, आधीच्या दोन दिवसांचा पाऊस आणि प्रत्येक ठरलेल्या झाडाची अवस्था एवढे लिहावे. झाडांचे ऋतुबदल नोंदवणाऱ्या 'सीझनवॉच' या देशव्यापी उपक्रमात कोवळी पाने, पक्व पाने, कळ्या, फुले, कच्ची व पिकलेली फळे यांपुढे 'नाही', 'थोडी' किंवा 'पुष्कळ' असे लिहितात. ती रीत सोपी असून तीच उचलावी. 'नाही' हा रकाना कधीही मोकळा सोडू नये. १ मार्चला पळसाला कळीही नव्हती, ही नोंद असेल तरच १५ मार्चच्या फुलांना काही अर्थ येतो. चित्राच्या फाइलला २०२५-०७-१२-सडा-३ अशा पद्धतीने नाव द्यावे, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात.

पावसातली काळजी

आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी चढते. घरी आल्यावर कॅमेरा पिशवीत तसाच न ठेवता पुसून, पंख्याखाली वाळवून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ती गरम करून पुन्हा वापरावी. वातानुकूलित गाडीतून उतरताच काच धुरकट होते, त्यामुळे पिशवी आधी अर्धा तास बाहेर बंदच राहू द्यावी.

शेवाळलेला जांभा अत्यंत निसरडा असतो. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना खाली कोरडे वाटणारा ओढाही अचानक चढतो, तेव्हा पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला की लगेच काठ सोडावा. झुडपांवर हात टेकण्यापूर्वी नीट पाहावे, कारण मलबारी चापडा हा विषारी साप पावसाळ्यात ओढ्याकाठच्या फांद्यांवर बसून असतो. कोरड्या महिन्यांत धोका वेगळा आहे: २०१५ पासून सत्तरी तालुक्यात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. डिसेंबर ते मे या काळात तिथे फिरताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायमोजे विजारीवर चढवावेत, पाचोळ्यावर बसू नये, घरी येताच अंग तपासून आंघोळ करावी आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

दुसरे वर्ष

वर्ष पूर्ण झाल्यावर एकाच जागेची सर्व चित्रे क्रमाने लावून पाहावीत आणि मगच कोणती जागा निरुपयोगी ठरली ते ठरवावे. दोन तरी बहुधा गाळाव्या लागतात. दुसऱ्या वर्षी तुलना करताना केवळ तारखांवर भर देऊ नये. पहिल्या दमदार पावसापासून गेंद फुलेपर्यंत किती दिवस गेले, किंवा ऐनाची पाने गळून संपल्यापासून पालवी फुटेपर्यंत किती, असे अंतर मोजावे, कारण पाऊस आठवडाभर उशिरा आला तर सड्यावरच्या सगळ्या तारखा पुढे सरकतात, पण हे अंतर फारसे बदलेलच असे नाही. दोन वर्षांच्या फरकावरून हवामानबदलाचा निष्कर्ष काढण्याची घाई टाळावी. दुर्मीळ आमरीसारख्या (ऑर्किड) वनस्पतींची चित्रे इतरांना पाठवताना जागेची माहिती चित्रातून काढून टाकावी आणि फक्त तालुक्याचे नाव लिहावे.